रॉबर्ट केनेडी आणि टपालाने येणारी बंदूक

ओरेगन राज्यातील रोझबर्ग हे लाकडाच्या धंद्यावर जगणारे गाव. २७ मे १९६८ रोजी सिनेटर रॉबर्ट केनेडी तेथील न्यायालयासमोर भाषणास उभे राहिले, तेव्हा गर्दीत बंदुकांवरील निर्बंधांचा निषेध करणारे फलक झळकत होते. दुसऱ्याच दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी त्या राज्यात मतदान व्हावयाचे होते. शिकारीची पिढीजात हौस असलेल्या मतदारांपुढे हा विषय टाळणेच कोणाही व्यवहारी पुढाऱ्याने पत्करले असते. केनेडींनी तोच काढला. गुन्हेगार, वेडे आणि अजाण मुले यांना मनिऑर्डर पाठवून बंदूक मागविता येऊ नये, यापलीकडे या कायद्यात काही नाही, असे त्यांनी परोपरीने सांगितले. लोकांनी त्यांची हुर्यो उडविली.

बंदुकीच्या परवान्यासाठी सरकारी कचेरीत खेटे घालणे ज्यांना ठाऊक आहे, त्या आपल्याकडील वाचकास टपालाने बंदूक ही कल्पनाच चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत तो नित्याचा व्यवहार होता. १९६३ च्या मार्चमध्ये कोणा एकाने मासिकातील जाहिरातीचे कूपन भरून, खोट्या नावाने, शिकागोच्या दुकानातून दुर्बीण बसविलेली एक जुनी इटालियन लष्करी रायफल मागविली. टपालखर्चासह किंमत साडेएकवीस डॉलरांच्या आत. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डॅलस येथे त्याच रायफलीने राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा बळी घेतला, असा अधिकृत चौकशीचा निष्कर्ष आहे.

धाकटे बंधू रॉबर्ट तोवर फारसे लोकप्रिय नव्हते. नऊ भावंडांत सातवे, १९२५ साली धनाढ्य आयरिश कॅथलिक घराण्यात जन्मलेले. मॅकार्थींच्या कुप्रसिद्ध समितीत काही काळ नोकरी केलेले. थोरल्या भावाच्या निवडणुका निष्ठुरपणे चालविणारे आणि पस्तिसाव्या वर्षी त्याच्याच मंत्रिमंडळात अ‍ॅटर्नी जनरल झालेले. मार्टिन ल्यूथर किंग यांचे दूरध्वनी चोरून ऐकण्यास त्यांनीच १९६३ मध्ये संमती दिली, हे त्यांच्या चाहत्यांनी विसरून चालणार नाही. भावाच्या मृत्यूनंतर ते कित्येक महिने सुन्न होते. त्या काळात ते प्राचीन ग्रीकांच्या शोकात्म वाङ्मयाकडे वळले. १९६४ मध्ये न्यू यॉर्कमधून सिनेटवर निवडून आलेला माणूस पुष्कळसा निराळा होता. मिसिसिपीतील उपाशी मुलांच्या झोपड्यांत जाऊन बसणारा तो हाच.

टपालाने शस्त्रे विकण्यावर बंधन घालणारे विधेयक सिनेटर टॉमस डॉड यांनी डॅलसच्या घटनेआधीच, ऑगस्ट १९६३ मध्ये मांडले होते. ते पिस्तुलांपुरतेच होते, पुढे त्यात रायफलीही आल्या. १९६५ मध्ये रॉबर्ट केनेडींनी सिनेटच्या उपसमितीपुढे त्याच्या बाजूने साक्ष दिली. विधेयक मात्र रखडतच राहिले. १ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका विद्यार्थ्याने दीड तासाहून अधिक काळ गोळ्या झाडून डझनाहून अधिक माणसे मारली, तेव्हाही ते हलले नाही. विरोधकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे म्हणता येत नाही. तो तरुण नौसैनिक दलात शिक्षण घेतलेला होता आणि त्या सकाळीही त्याने गावातल्या दुकानांतून राजरोस शस्त्रे विकत घेतली होती. टपालबंदीने त्यात काय फरक पडला असता? शिवाय त्या दिवशी काही नागरिकांनी स्वतःच्या रायफली आणून मनोऱ्यावर उलट मारा केला होता. एकाच घटनेतून दोन्ही पक्षांना आपापला पुरावा मिळाला.

ओरेगनात केनेडी हरले. तिघा केनेडी बंधूंपैकी कोणाचाही निवडणुकीतील हा पहिलाच पराभव. बंदुकांवरील भाषणामुळेच मते गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या भाषणाने मते मिळाली नाहीत, एवढे निश्चित. आठवड्याने कॅलिफोर्निया त्यांनी जिंकला. ५ जूनला मध्यरात्र उलटल्यावर, विजयसभा आटोपून लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलच्या मुदपाकखान्यातून बाहेर पडत असता त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. इतर पाचजण जखमी झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे निधन झाले. वय बेचाळीस, अकरावे अपत्य अजून जन्मावयाचे होते.

ते रिव्हॉल्व्हर मात्र टपालाने आलेले नव्हते. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल झाल्यावर एका नागरिकाने आत्मरक्षणासाठी ते विकत घेतले; पुढे घरातून शेजाऱ्याकडे, शेजाऱ्याकडून विक्रीने असे हात बदलत ते मारेकऱ्यापर्यंत पोहोचले. रोझबर्ग येथे केनेडींनी जेवढे मागितले तेवढे सारे मिळाले असते, तरी हे शस्त्र अडले नसते. त्यांची मागणी चुकीची होती असे यावरून ठरत नाही. ती किती सौम्य होती, हे मात्र ठरते. आणि तीही लोकांना असह्य झाली होती.

त्यांचे निधन झाले त्याच दिवशी, ६ जूनला, प्रतिनिधीगृहाने पिस्तुलांच्या आंतरराज्य टपालविक्रीला बंदी घालणारे विधेयक संमत केले. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने रायफलींनाही ती लागू झाली. प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि मालकाला परवाना या जॉन्सन यांच्या दोन्ही मागण्या काँग्रेसने गाळल्या होत्या आणि स्वाक्षरी करतानाच त्यांनी त्याबद्दल नाराजी व्यक्त केली. ज्या वाटेने १९६३ मध्ये डॅलसची रायफल आली ती वाट पाच वर्षांनी बंद झाली. दुकानाची आणि शेजाऱ्याच्या घरातली वाट बव्हंशी उघडीच राहिली.

१ ऑक्टोबर २०१५ रोजी रोझबर्गजवळील अंप्क्वा कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात एका विद्यार्थ्याने नऊजणांना ठार केले. त्याच्याकडची सर्व शस्त्रे त्याने किंवा त्याच्या कुटुंबीयांनी कायदेशीररीत्या खरेदी केलेली होती. आठ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ओबामा मृतांच्या नातलगांना भेटण्यासाठी त्या गावी गेले. तेव्हाही बंदूक-नियंत्रणाच्या विरोधातील फलक घेऊन लोक रस्त्यावर उभे होते.