कापसाच्या मुलखातून ‘ताज’च्या दारापर्यंत

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ‘ताज महाल’ हॉटेल पाहताना बुलडाणा जिल्ह्यातील कपाशीची आठवण सहसा कोणाला होत नाही. मात्र हे हॉटेल उभारणाऱ्या जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या आयुष्याची जडणघडण कापसाच्या व्यापारातच झाली.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीच्या पारशी पुरोहित घराण्यात त्यांचा जन्म झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासू लागली आणि भाव गगनाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. टाटांची पेढी अडचणीत आली आणि विलायतेत असलेल्या तरुण जमशेटजींना धनकोंना सामोरे जावे लागले.

पुढे १८६७ मध्ये मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटाही सुरू झाला. खामगाव तेव्हा वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ होती. येथील गाठी मुंबईकडे रवाना होत आणि गिरण्याही मुंबईतच निघत. जमशेटजींनी मात्र कापूस पिकतो त्याच मुलखात गिरणी काढण्याचे ठरविले. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई, या तेथील योजना काळाच्या पुढे होत्या.

१८९६ च्या प्लेगने मुंबई इलाख्याची ही राजधानी हवालदिल झाली. शहराची पत सावरण्यासाठी जमशेटजींनी स्वतःच्या पैशातून भव्य हॉटेल उभारण्याचा संकल्प सोडला. गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारल्याने ते पेटून उठले, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला भक्कम पुरावा नाही. सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांनी आराखडा केला, तर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वास नेले. सामग्रीच्या खरेदीसाठी जमशेटजी स्वतः युरोपात हिंडले.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेलचे दरवाजे उघडले, तेव्हा अवघे १७ पाहुणे उतरले होते. विजेचे दिवे, उद्वाहक आणि तुर्की स्नानगृहे अशी चैन तेथे होती. पंखा व स्वतंत्र स्नानगृह असलेल्या खोलीचे भाडे होते १३ रुपये.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था आणि जलविद्युत प्रकल्प ही त्यांची इतर स्वप्ने पुढच्या पिढीने साकारली. हॉटेल तेवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पहिल्या महायुद्धात त्याचे रुग्णालय झाले आणि २६ नोव्हेंबर २००८ चा दहशतवादी हल्लाही त्याने सोसला. कापसाच्या घसरणीत होरपळलेल्या या माणसाने प्लेगग्रस्त शहरावर टाकलेला विश्वास शतकानंतरही अनाठायी ठरलेला नाही.