यूजीन देलाक्र्वा : रंगांची झुंज

फ्रेंच चित्रकार यूजीन देलाक्र्वा (१७९८-१८६३) हे रूढ अर्थाने भाविक नव्हते. तरीही प्रभू येशूचे दुःखसहन त्यांच्या कुंचल्याला वारंवार साद घालीत राहिले. पॅरिसच्या सें-सुल्पिस चर्चमधील पवित्र देवदूतांच्या चॅपेलचे काम त्यांच्याकडे १८४९ मध्ये आले. ढासळत्या प्रकृतीशी झगडत त्यांनी ते १८६१ मध्ये पुरे केले. तेथे याकोब मस्तक खाली घालून एडक्यासारखा धडकतो. देवदूत शांतपणे त्याची मांडी धरतो. शेजारी शेजारी ओढलेल्या भिन्न रंगांच्या रेघा दुरून एकजीव होतात. दोन वर्षांनी देलाक्र्वा निवर्तले. १८८९ मध्ये सें-रेमीच्या मनोरुग्णालयात व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांच्याकडील त्यांच्या ‘पिएता’ची शिळाछाप प्रत तेलरंगात पडून बिघडली. त्या दुःखी रुग्णाने तीवरून हात पसरलेली पवित्र माता निळ्या-पिवळ्या रंगांत पुन्हा रंगविली.