पियेर क्यूरी आणि स्पंदणारा स्फटिक

परभणी जिल्ह्यांतील घरोघरीं मुलें दूरदर्शनसंचाचा रिमोट हातीं घेऊन कळ दाबतात व संच तत्काळ आज्ञा पाळतो. अशा कित्येक रिमोटांत डाळीएवढा एक भाजलेल्या मातीसारखा तुकडा असतो. तो सेकंदास लक्षावधि वेळां स्पंदतो व यंत्रास ताल देतो. या विद्येचा पाया ज्यांनीं घातला, त्या पियेर क्यूरींचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

पियेर यांचा जन्म पॅरिस येथें १५ मे १८५९ रोजीं झाला. त्यांची बुद्धि मंदगति, परंतु खोल होती. हें ओळखून डॉक्टर असलेल्या वडिलांनीं त्यांस शाळेंत न घालतां घरींच शिकविलें. अठराव्या वर्षीं त्यांनीं विज्ञानाची पदवी मिळविली. परंतु द्रव्याभावामुळें पुढील अभ्यास सोडून प्रयोगशाळेंत साहाय्यकाची नोकरी पत्करली.

१८८० सालीं पियेर व त्यांचे वडील बंधु झाक यांनीं दाखविलें कीं, क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला असतां त्यावर वीज उत्पन्न होते. उलट, वीज दिली असतां स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो, हेंहि त्यांनीं पुढील वर्षीं सिद्ध केलें. ह्याच तत्त्वावरील उपकरणाच्या साह्यानें मेरीबाईंनीं १८९८ त किरणोत्सर्ग मोजला व त्या वर्षीं उभयतांस रेडियमचा शोध लागला. १९०३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. रेडियमचें पेटंट मात्र त्यांनीं घेतलें नाहीं. १९ एप्रिल १९०६ रोजीं पॅरिसच्या रस्त्यांत मालवाहू घोडागाडीखालीं सांपडून पियेर यांचा अंत झाला.

आतां तो तुकडा चालू कसा होतो, तें पाहूं. नागपंचमीचा झोका कोणी तरी ढकलल्यावांचून हलत नाहीं. येथें ढकलणारा कोण? वीज सुरू होतांच मंडलांत जी अतिसूक्ष्म खळबळ होते, तींत सर्व प्रकारचीं कंपनें असतात. तुकडा त्यांतून स्वतःचें कंपन तेवढें निवडतो. वर्धक तें मोठें करून योग्य क्षणीं परत देतो. परत मिळालेलें बळ खर्चाहून अधिक असेल, तर प्रत्येक फेऱ्यास झोका वाढतो व वर्धकाच्या मर्यादेशीं स्थिर होतो. कमी असेल, तर आरंभींची हालचाल विरून जाते व सारें यंत्र मुकें राहतें. म्हणून सूक्ष्मनियंत्रक कांहीं ठराविक ठोके मोजून मगच काम सुरू करतो. क्वार्ट्झ अधिक अचूक असतो, पण जड झोक्याप्रमाणें सावकाश वेग घेतो. हा भाजीव तुकडा अचूकपणांत उणा, पण लवकर चालू होणारा.

पियेर यांच्या आयुष्याचा आरंभहि असाच नाजूक होता. मंद मुलगा म्हणून वडिलांनीं हात आंखडला असता, तर ती लहानशी हालचाल तेथेंच विरली असती. आमच्या वर्गांतूनहि असे कित्येक मुलगे शेवटच्या बांकावर निमूट बसलेले असतात. त्यांस योग्य क्षणीं थोडें बळ देणें, हें गुरुजनांचें व सोबत्यांचेंहि कर्तव्य होय, असें आम्हांस वाटतें.