चवदार तळ्याचा दावा आणि बॅरिस्टर आंबेडकर

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्या घराघरांत पाठ आहे. १७ मार्च १९३७ ही तारीख मात्र आमच्या विद्यार्थ्यांना विचारली तर वर्गात शांतता पसरते. या दोन तारखांमध्ये दहा वर्षांना तीन दिवस कमी एवढे अंतर आहे. पहिल्या दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले; दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने त्या ओंजळीवरचा वाद कायमचा निकालात काढला. मधली वर्षे सत्याग्रही नेत्याची होती, तशीच ती वकिलाचीही होती, आणि त्या वकिलाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालय, कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन असा प्रवास करून ग्रेज इनचे बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनदेपुरते पैसेही हाताशी नव्हते. स्नेही नवल भथेना यांनी ती अडचण निवारली. विद्वत्ता अफाट, पण अस्पृश्य बॅरिस्टराकडे सॉलिसिटर मंडळी काम पाठवीनात. त्यामुळे जिल्ह्याच्या न्यायालयांतील किरकोळ कामे, परळच्या दामोदर हॉलमधील कचेरी आणि त्या कचेरीच्या दारात बसलेले गरीब पक्षकार असा तो काळ होता. १९२५ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदाही शिकवला, कारण वकिलीवर घर चालत नव्हते. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांनी पुण्यात जेधे-जवळकरांची बाजू लढवून जिंकली, तेव्हा कुठे त्यांचे नाव वकीलवर्गात गांभीर्याने घेतले जाऊ लागले.

महाडचा प्रश्न मुळात एका नगरपालिकेच्या अधिकाराचा होता, हे आपण बहुधा विसरतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे खुले केले. ठराव कागदावरच राहिला; पाण्याला हात लावायला तीन वर्षे लागली. त्यानंतर काय घडले ते सर्वविदित आहे. परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली, गोमूत्र-शेणाच्या घागरींनी तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असताना, त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बहुमताने दिलेला हक्क बहुमतानेच काढून घेतला!

डिसेंबरात दुसऱ्या परिषदेची तयारी सुरू असताना सवर्ण मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी क्रमांक एक खुद्द डॉ. आंबेडकर. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला हजारो लोक तळ्यावर जाण्याच्या निर्धाराने जमले आणि त्यांच्या नेत्याच्या हातात न्यायालयाचा कागद होता. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्याचे काय? कलेक्टरने सभेत येऊन हुकूम मोडू नका असे सांगितले. लोक तुरुंगात जायला सिद्ध होते. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि २७ तारखेला तळ्याभोवती शांततेने मिरवणूक काढून लोक परतले.

याला माघार म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. आमचे मत वेगळे आहे. तळे नगरपालिकेचे, म्हणून सार्वजनिक आणि म्हणून आमचेही, हा बाबासाहेबांचा पाया होता. ठराव रद्द झाल्याने तळ्याची मालकी बदलत नव्हती. कायद्याची भूमी इतकी भक्कम असताना न्यायालयाचा हुकूम मोडून सवर्णांशी असलेला झगडा सरकारशी जोडून घेणे त्यांना नको होते. त्या मैदानावर उभे राहून जमलेल्या लोकांना हे पटवून देणे किती कठीण गेले असेल!

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला. पण दावा चालूच राहिला. मधल्या काळात बाबासाहेब विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, सायमन कमिशनपुढे साक्ष दिली, गोलमेज परिषदेला गेले. ८ जून १९३१ रोजी महाडचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, जानेवारी १९३३ मध्ये ठाण्यातील अपीलही फेटाळले गेले. वादी थांबले नाहीत. प्रकरण उच्च न्यायालयात आले. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड आणि वाडिया. हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश, ही इतिहासातील एक गंमतच.

येथवर वाद उरला होता तो रूढीचा. तळे कायद्याने नगरपालिकेच्या ताब्यातील ठरले होते. मग अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. न्यायालयाने पुरावा तपासला. तळे चार-पाच एकरांचे, भोवती नगरपालिकेचे रस्ते, त्यापलीकडे सवर्णांची घरे. अस्पृश्य तेथे येत नसत एवढ्यावरून त्यांना रोखण्याची पुरातन रूढी सिद्ध होत नाही, असे न्यायमूर्तींनी ठरवले. अपील फेटाळले गेले. मात्र अशी रूढी सिद्ध झाली असती तर ती न्याय्य ठरली असती का, या प्रश्नात शिरण्याची गरज न्यायालयाला पडली नाही. म्हणजे विजय पुराव्याचा होता. अस्पृश्यतेवर कायद्याचा घाव अजून बसायचा होता.

हे बाबासाहेबांच्या नजरेतून सुटले असेल, असे आम्हांस वाटत नाही. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकाला विधिमंडळात त्यांनी कडाडून विरोध केला, त्यामागे महाडच्या ठरावाचा अनुभव असावा. स्थानिक बहुमताच्या मर्जीवर हक्क सोपवायचा नाही, हा विचार पुढे घटनेत उतरला. ‘राज्य’ या शब्दाच्या व्याख्येत अनुच्छेद १२ ने स्थानिक प्राधिकरणेही घेतली, त्यामुळे नगरपालिकाही मूलभूत हक्कांना बांधली गेली. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि अनुच्छेद १५ मध्ये भेदभाव निषिद्ध केलेल्या जागांची जी यादी आहे, तीत विहिरी आणि स्नानघाट यांच्यासोबत तळी हा शब्द आहे.