ट्राम आली, तेव्हा चुंबकसूई अलिबागला नेणारा माणूस: नानाभाई मूस आणि सौर वादळांची वही

फोनमध्ये एखादं मॅग्नेटोमीटर ॲप टाका. कंपास ज्या सेन्सरवर चालतो, त्याचाच आकडा ते दाखवतं. वसई किल्ल्याजवळ मोकळ्या जागेत उभे राहिलात तर साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला दिसेल. हे पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व. आता तोच फोन घेऊन विरार स्टेशनवर जा आणि लोकल येताना बघा. आकडा नाचायला लागतो. त्यात पृथ्वीचा भाग किती आणि गाडीचा किती, काही कळत नाही.

हीच अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसासमोर आली होती. त्याच्याकडे अर्थातच ॲप नव्हतं. कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेल्या चुंबकसुया होत्या, आणि शहरात विजेची ट्राम येणार असं ठरत होतं. त्या माणसाचं नाव नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस. एखादं मोठं सौर वादळ आपलं काय करू शकतं याचा अंदाज आज जगाला आहे, तो ज्या नोंदींमुळे आहे, त्यांची साखळी तुटू न देण्याचं काम या माणसाने केलं.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९चा, पारशी घरातला. तारीख लक्षात ठेवा, कारण त्याच्या जेमतेम दोन महिने आधी सूर्याने पृथ्वीला चांगलाच दणका दिला होता. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग कागदावर उतरवून घेत होता. अचानक डागांच्या गटात त्याला पांढराशुभ्र लखलखाट दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी सूर्यातून निघालेला तापलेल्या वायूचा ढग पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या.

त्या वेळी मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये काढलेली. तिथे १८४१पासून चुंबकत्व मोजलं जात होतं. आपले केरूनाना छत्रे, म्हणजे पुढे लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे, तेही तरुणपणी याच वेधशाळेत कामाला होते. १८५९च्या त्या सकाळी मोजणारे लोक डोळ्यांनी सुई वाचून आकडे वहीत लिहीत होते. इंग्लंडमधल्या वेधशाळांत रेषा कागदाच्या बाहेर गेली, तिथे पूर्ण नोंदच राहिली नाही. कुलाब्यात मात्र हाताने लिहिलेले आकडे राहिले. थोड्याच वेळात आडव्या दिशेचं चुंबकत्व सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने पडलं होतं. १,००० नॅनोटेस्ला म्हणजे एक मायक्रोटेस्ला, त्यामुळे तुमच्या ॲपमध्ये हा बदल फक्त दीडेक आकड्याचा दिसेल आणि तुम्ही दुर्लक्षही कराल. पण हा बदल एका खोलीपुरता नसतो, अख्ख्या पृथ्वीभर एकदम होतो. धोका त्यात आहे.

मूस १२ वर्षांचे असताना, ४ फेब्रुवारी १८७२च्या रात्री, आणखी एक वादळ आलं. त्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली होती. नॉर्वेत दिसतो तो प्रकाश, मुंबईत! समुद्राखालून एडनकडे जाणाऱ्या तारेवरही परिणाम झाला.

मूस शिकले इंजिनिअरिंग, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी). मग एडिंबरोला जाऊन बी.एस्सी. केलं, परत येऊन एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं. या वर्षांबद्दल फार लांबण लावत नाही, कारण त्यांची खरी गोष्ट १८९६मध्ये सुरू होते. कुलाबा वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स वारले आणि त्यांच्या जागी मूस आले. हे पद मिळालेले ते पहिले भारतीय. १८९८मध्ये त्यांनी तिथे भूकंप नोंदवणारं मिल्न पद्धतीचं यंत्रही बसवलं.

ट्रामचं नेमकं काय बिघडवणार होती?

मुंबईत १८७४पासून ट्राम होती, पण घोड्यांची. घोड्याने सुईला काही होत नाही. १९००च्या सुमारास विजेची ट्राम आणायचं ठरू लागलं. ती डीसी विजेवर चालते. वीज वरच्या तारेतून डब्यात येते आणि रुळांतून परत जाते. पण सगळी रुळांतूनच जात नाही, बरीचशी जमिनीत झिरपते आणि वाट फुटेल तशी पसरते. वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं, हे दहावीच्या पुस्तकात आहेच. म्हणजे ट्राम सुटली, थांबली, चढावर लागली की प्रत्येक वेळी कुलाब्याची सुई हलणार. सूर्यामुळे हलली की ट्राममुळे, कोण सांगणार?

गंमत अशी की सौर वादळ हेच काम उलट्या दिशेने करतं. ट्रामची वीज चुंबकत्व हलवते. वादळात पृथ्वीचं चुंबकत्व हलतं आणि त्यामुळे जमिनीत आणि लांब तारांमध्ये वीज तयार होते. पॉवर ग्रिडचे ट्रान्सफॉर्मर यानेच अडचणीत येतात.

शहराची ट्राम थांबवा असं म्हणून चाललं नसतं. मग वेधशाळेची चुंबकीय यंत्रं हलवायचं ठरलं आणि जागा निवडली अलिबागची, कुलाब्यापासून साधारण ३० किलोमीटर दक्षिणेला. (केरूनानांचं नागाव तिथून अगदी जवळ.) पण इमारत बांधायची कशाने? आपला सह्याद्रीचा काळा दगड चालत नाही, त्यात चुंबकीय लोहखनिज असतं. म्हणून पोरबंदरचा दगड आणला आणि बांधकामात लोखंड टाळून तांबं-पितळ वापरलं.

यापुढचा भाग मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात जास्त आवडतो. १९०४मध्ये अलिबाग सुरू झालं, पण मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. कारण दोन ठिकाणची जमीन वेगळी, खडक वेगळे, त्यामुळे मूळ आकडाच थोडा वेगळा येणार. दोन वर्षं शेजारी शेजारी आकडे मांडले की फरक नक्की कळतो, आणि मग कुलाब्याची जुनी नोंद अलिबागच्या नव्या नोंदीला जोडता येते. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुनी सिस्टीम नव्या सर्व्हरवर नेताना दोन्ही काही दिवस समांतर चालवतो आणि आउटपुट जुळतंय का बघतो. खरं सांगायचं तर डेडलाइन आली की पहिली कात्री याच टप्प्यावर पडते. मूस यांनी दोन वर्षं दिली. ७ मे १९०७ला मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर सुया अलिबागला सुरक्षित पोचल्या होत्या.

मधल्या काळात सूर्य गप्प नव्हता. ३१ ऑक्टोबर १९०३ला मोठं वादळ आलं, जगभर तारयंत्रं अडकली. मूस यांचा ४४वा वाढदिवस दोनच दिवसांपूर्वी झाला होता. ट्राम अजून आली नव्हती म्हणून कुलाब्याची नोंद स्वच्छ मिळाली. हल्लीच्या संशोधकांनी त्या वादळाची ताकद काढली, तेव्हा जगातल्या मोजक्या ठिकाणांत कुलाब्याचे आकडे वापरले.

१९१०मध्ये मूस यांचं मोठं काम छापून आलं. १८४६ ते १९०५ या ६० वर्षांच्या मुंबईच्या चुंबकीय नोंदी आणि त्यांचं विश्लेषण, दोन जाडजूड भागांत. सगळी आकडेमोड हाताने. त्यात त्यांनी अनेक वादळं एकावर एक ठेवून त्यांचा सरासरी आकार काढला. आधी अचानक थोडी उसळी, मग खोल घसरण, मग काही दिवस सावकाश पूर्वपदावर येणं. आज आपल्याला कारण माहीत आहे: उसळी म्हणजे सूर्याचा ढग आदळून पृथ्वीचं चुंबकीय कवच दाबलं जाणं, आणि घसरण म्हणजे पृथ्वीभोवती विजेचं कडं तयार होणं. मूस यांच्या वेळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मूस संचालक होण्याच्या चारच वर्षं आधी लॉर्ड केल्विनसारख्या दिग्गजाने सूर्यामुळे अशी वादळं होणं अशक्य ठरवलं होतं. मूस यांनी पुढच्या लोकांसाठी आकडे तयार ठेवले.

आज तसं वादळ आलं तर?

२००३मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या जी. एस. लाखिना, एस. ॲलेक्स आणि इतरांबरोबर कुलाब्याची १८५९ची नोंद जगासमोर मांडली. १९८९मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज दीडेक मिनिटात कोसळली आणि सुमारे ६० लाख लोक ९ तास अंधारात राहिले, त्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ होता. मे २०२४मध्ये लडाखच्या हानले इथून लाल आकाश दिसलं, ते उणे ४००च्या आसपास. कुलाब्यात १८५९ला उणे १,६००.

आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहोत, त्यामुळे कॅनडापेक्षा ग्रिडला धोका कमी. पण कुलाब्याचा आकडा सांगतो की आपण पूर्ण सुटलेलो नाही.

पहिली गोष्ट, फोन जळणार नाही. त्याच्या आतल्या तारा इतक्या छोट्या की त्यांत काही तयारच होत नाही. अडचण फोनच्या मागे असलेल्या व्यवस्थेची आहे. ग्रिड गेलं की टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो, मग नेटवर्क जातं, आणि त्याबरोबर यूपीआय. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबई परिसराची वीज गेली होती, तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी सूर्याचा काही संबंध नव्हता, पण चित्र तसंच असेल, फक्त लांबलेलं. आपल्याकडे पाणी सूर्या धरणातून येतं (नाव बघा!), आणि सोसायटीच्या टाकीत ते पंपाने चढतं. पंप बंद तर सातव्या मजल्यावर पाणी नाही. म्हणून इशारा आला की आधी टाक्या भरून घ्या, दोन-तीन दिवसांचं पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, पॉवर बँक भरा, घरात थोडी रोकड आणि सेलवर चालणारा रेडिओ असू द्या. घरात कोणाला रोजची औषधं असतील तर ती आधी. लोक मेणबत्त्या आणायला धावतात आणि औषध विसरतात.

अर्नाळा, पाचूबंदरच्या बोटींचा प्रश्न वेगळा आहे. वादळात आयनमंडल खवळतं आणि जीपीएस चुकीची जागा दाखवतो किंवा सिग्नलच सोडतो. वीज गेलेली नसतानाही हे होऊ शकतं. होकायंत्रही थोडं हलेल, पण गायब होणार नाही. त्यामुळे खोल समुद्रात जाणाऱ्यांनी इशाऱ्याच्या दिवशी न निघणं बरं.

इशारा मिळतो तरी किती आधी? सूर्यावरून ढग निघालेला दिसला की साधारण एक ते तीन दिवस, फारच वेगवान असेल तर १८५९सारखे १७-१८ तास. तो किती जोरात लागेल हे नक्की कळतं ढग यानाजवळ पोचल्यावर. आपलं आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे तिथून पुढे फक्त पाऊण तास-तासभर, कधी त्याहूनही कमी. टाकी भरायला पुरेल, बाजारात जायला नाही.

मूस १९१९मध्ये निवृत्त झाले. १९२८मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली, तीही डीसीवर आणि ट्रामपेक्षा कितीतरी जड. सुया कुलाब्यातच राहिल्या असत्या तर तिने उरलंसुरलं संपवलं असतं. १९३६मध्ये विजेची लोकल विरारपर्यंत पोचली. मूस त्याच वर्षी वारले. अलिबागची वेधशाळा आता नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. अलिबागला अजून लोकल गेलेली नाही, आणि तिथली मोजणी चालू आहे.