दुसऱ्या टोकाचा गडी : विजय हजारे यांचे चरित्र व आमची खेळाडू मुले

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ आईबापांस, व कित्येक उपदेशकांसही, असे वाटते की, जो मुलगा मैदानात रमला तो देवळाला व पुस्तकाला मुकला. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव इकडील गावांतून पहाटे सडकेवर धावणारी मुले आम्ही पाहतो. कोणी पोलीसभरतीसाठी धावतो, कोणी शाळेच्या तालुका सामन्यांसाठी. धान कापून झाले म्हणजे मोकळ्या बांधीत कबड्डीचे मैदान आखले जाते, व त्यांत आमच्या घरचीही मुले असतात. अशा मुलांविषयी मंडळीचे कर्तव्य काय, याचा विचार व्हावा म्हणून आम्ही आज एका मराठी ख्रिस्ती खेळाडूचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ता. ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर असून त्यांस आठ मुले होती. मास्तराच्या पगारात आठ लेकरांचे अन्नवस्त्र भागविणे म्हणजे काय, हे आमच्या उपदेशक बंधूंस सांगावयास नको. क्रिकेट हा त्या काळी बहुधा संस्थानिकांच्या आश्रयावर व धनिकांच्या जिमखान्यांवर चालणारा खेळ होता. गरीब मास्तराच्या मुलाने त्यात पुढे यावे हे सोपे नव्हते.

विजयराव १९३४ च्या हंगामापासून महाराष्ट्राच्या संघातून खेळू लागले. ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. विजयरावांची उभे राहण्याची ढब बेढब दिसे. परंतु ती बदलू नये, असाच सल्ला ग्रिमेटसाहेबांनी दिला. शिष्याची ठेवण ओळखून तीच बळकट करणारा गुरू मिळणे हे मोठे भाग्य होय. १९३९-४० च्या हंगामात पुणे येथे बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात तीनशेचा पल्ला गाठणारे ते पहिले भारतीय फलंदाज ठरले. पुढे ते बडोद्याकडून खेळू लागले व तेथेच स्थायिक झाले.

त्या दिवसांत मुंबईस धर्मवार संघांची एक मोठी स्पर्धा भरत असे. युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे चार संघ तीत होते. १९३७ साली पाचवा संघ आला. त्याचे नाव ‘इतर’. हिंदी ख्रिस्ती, यहुदी, बौद्ध, ज्यांस दुसरीकडे जागा नव्हती ते सर्व या संघात. खेळात धर्माची अशी वाटणी असावी हे गांधीजींस पसंत नव्हते, व १९४० साली त्यांनी तसे जाहीर केले. १९४६ पासून ती स्पर्धा बंद झाली, हे बरेच झाले. पण ‘इतर’ या शब्दाचा अर्थ आमच्या खेड्यांतील बांधवांस चांगला कळतो. गावच्या पंगतीत, पाणवठ्यावर, सभेत कित्येकदा आम्ही ‘इतर’ म्हणूनच मोजलो गेलो आहो.

१९४३ च्या डिसेंबरात या स्पर्धेचा अंतिम सामना हिंदू व इतर यांच्यात मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर झाला. हिंदूंनी पाच गडी गमावून ५८१ धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. इतरांचा पहिला डाव अवघ्या १३३ धावांत आटोपला, व त्यांस लागलीच पुन्हा खेळावयास उतरावे लागले. निम्मा संघ बाद झाला असता विजयरावांचा धाकटा भाऊ विवेक त्यांच्या जोडीस आला. या दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भर घातली. वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे, की या ३०० धावांत विवेकरावांच्या स्वतःच्या धावा केवळ २१ होत्या. ते आपली बाजू राखून उभे राहिले, म्हणून थोरल्या भावास खेळता आले. संघाच्या एकंदर ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजयरावांच्या झाल्या. इतरांचा संघ एक डाव व ६१ धावांनी हरला, तथापि तो डाव लोक आजही विसरलेले नाहीत.

मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून विजय हजारे व गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या जोडीस ५७७ धावा केल्या. गुल महंमद यांच्या ३१९ व हजाऱ्यांच्या २८८. सर्व जगात कोणत्याही जोडीने त्याहून अधिक धावा २००६ सालापर्यंत केल्या नाहीत. देशात ठिकठिकाणी धर्माच्या नावाने रक्त सांडत होते, अशा दिवसांत एक मुसलमान व एक ख्रिस्ती गडी एकमेकांच्या हाकेवर विश्वासून धावत होते. गुल महंमद पुढे पाकिस्तानचे झाले.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाच्या प्रबळ संघापुढे हजाऱ्यांनी ११६ व १४५ अशी दोन्ही डावांत शतके केली. कसोटी सामन्यात असे करणारे ते पहिले भारतीय होत. हाही सामना भारत हरला. ज्याला एकेकाळी ‘इतर’ म्हणून गणले, तोच पुढे अवघ्या भारताचा कर्णधार झाला. भारताने पहिली कसोटी १९३२ साली खेळली होती. पहिला विजय फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासेस इंग्लंडविरुद्ध मिळाला, तो हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली. त्याच वर्षी इंग्लंडात लीड्स येथे दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी भारताचे चार गडी बाद झाले. अशा प्रसंगी या शांत, मितभाषी कर्णधाराने ५६ धावा केल्या. एकंदर ३० कसोट्यांत त्यांच्या २१९२ धावा व ७ शतके झाली. १९६० साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. ता. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. राज्यांच्या संघांची एक दिवसाची स्पर्धा आज त्यांच्या नावाने भरते.

हजाऱ्यांची कीर्ती उपदेशाने झालेली नाही, ती मैदानावरील धीराने व नम्रतेने झाली. त्यांचे दोन मोठे पराक्रम हरलेल्या सामन्यांतील आहेत, ही गोष्ट आमच्या मुलांस अवश्य सांगावी. पण आमच्या उपदेशक बंधूंस आम्ही विवेकरावांकडे पाहावयास सांगतो. शाळेतील खेळाडू मुलामध्ये प्रभूचे काम करावयाचे तर त्याला मैदानातून ओढून आणून चालणार नाही. दुसऱ्या टोकास कोणी तरी टिकून उभे राहिले पाहिजे.

हे कसे करावे? प्रथम, मैदानावर जावे. जो उपदेशक मुलाचा सामना पाहावयास गेला नाही, त्याच्या उपासनेस तो मुलगा का यावा? दुसरे, जिंकलेल्या मुलाचा सत्कार सारे गाव करते. हरलेल्याच्या घरी त्याच संध्याकाळी आपण जावे, व ज्याचा पाय मुरगळला त्याच्याजवळ बसावे. तिसरे, रविवारी सामना आला म्हणून मुलास पतित ठरवू नये. शनिवारी सायंकाळी किंवा रविवारी पहाटे त्याच्यासाठी अर्धा तास प्रार्थनेचा ठेवावा, म्हणजे प्रभूचा दिवस त्याच्या हातून सुटणार नाही. चौथे, खर्रा व दारू यांनी किती दमदार पोरांचा दम घालविला, हे त्यांस प्रीतीने दाखवावे, आणि अभ्यास सुटू देऊ नये.

पाचवी गोष्ट नाजूक आहे. संघात इतर धर्मांची मुले असतात. त्यांस बूट किंवा खाऊ देऊन धर्माकडे ओढणे हे सुवार्तेस लाजविणारे आहे. त्यांच्या आईबापांच्या पाठीमागे त्यांस काही शिकविणेही तसेच. द्यावयाचे ते सर्वांस सारखे द्यावे. आमचा मुलगा खोटी दाद मागत नाही, शिवी देत नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यास हात देऊन उठवितो, एवढे त्यांनी पाहिले तरी साक्ष पुरी झाली.

प्रेषित पौलाने ख्रिस्ती आयुष्यास शर्यतीची उपमा दिली, ती धावणाऱ्यांस तुच्छ लेखून दिली नाही. आमच्या मंडळ्यांत विजय हजारे क्वचितच निपजतील. विवेकराव मात्र प्रत्येक मंडळीत एक तरी असावा, व तो आजच उभा राहावा, अशी आमची प्रभूजवळ विनंती आहे.