शिलिंगभर वाढीची गोष्ट

‘चॅरियट्स ऑफ फायर’च्या पटकथेसाठी कॉलिन वेलंडला १९८२ साली ऑस्कर मिळालं. मला मात्र तो शिवणकामगार बायकांमुळे जवळचा वाटतो. माझी आई ब्लाउज शिवायची, म्हणूनही असेल.

इंग्लंडमधल्या लँकेशायरचा हा चित्रकलेचा मास्तर नोकरी सोडून नट झाला. टीव्हीवर ‘झेड कार्स’मध्ये पोलीस, ‘केस’ सिनेमात प्रेमळ शिक्षक. जोडीला लिहायचाही. १९७० साली लीड्सच्या कपडे-कारखान्यांतल्या बायका तासाला एक शिलिंग वाढ मागत रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यावर त्यानं १९७४ मध्ये बीबीसीसाठी ‘लीड्स युनायटेड!’ लिहिलं. (नाव फुटबॉल संघाचं, गोष्ट बायकांची!) त्यात युनियनच साथ सोडते, बायका मुकाट्यानं मशीनवर परततात. वेलंड २०१५ मध्ये गेला. तो शेवट त्यानं गोड केला नाही, हे मला फार आवडलं.